वाळकेश्वराचा डोंगर आणि मलबारचे नाव

काही वर्षांपूर्वी सीमाप्रश्नाचे निवेदन घेऊन बेळगावहून मुंबईस गेलेल्या एका शिष्टमंडळात आम्ही होतो. मलबार हिलवरील एका सरकारी बंगल्यात सकाळी अकराची वेळ मिळाली होती. तेथे पोहोचल्यावर ती चारवर गेल्याचे समजले. सोबतची वडीलधारी मंडळी फाटकासमोरच्या झाडाच्या सावलीत बसली. निवेदनाची फाईल त्यांच्या स्वाधीन करून आम्ही तो मोकळा वेळ डोंगर हिंडण्यात घालविला. ज्या डोंगरावर आपल्या भागाचे भवितव्य इतक्या वेळा चर्चिले गेले, त्या डोंगराची माहिती आपणांस किती थोडी आहे, हे त्या दिवशी उमगले. पुढे जमेल तसे वाचन केले. त्यातून हाती आले ते येथे मांडीत आहोत.

मुंबई बेटाच्या कण्यासारख्या दोन डोंगररांगा आहेत. पूर्वेची रांग डोंगरी, माझगाव, परळ अशी तुटकतुटक जाते. पश्चिमेची मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी अशी समुद्राच्या कडेने उत्तरेस सरकते. पश्चिम रांगेच्या दक्षिण टोकास मलबार पॉइंट नावाचे नाक समुद्रात घुसले आहे. समोर कुलाब्याचे टोक आणि या दोहोंच्या कवेत बॅक बेचा उपसागर. डोंगर फार उंच नव्हे, जेमतेम पन्नास मीटरचा; परंतु सपाट बेटावर तेवढी उंचीही राज्य करावयास पुरते. खडक आपल्या सह्याद्रीचाच, म्हणजे काळा बेसाल्ट. येथील लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले असल्यामुळे गिरगाव चौपाटीकडील पूर्व अंग कड्यासारखे उभे, तर समुद्राकडील पश्चिम अंग उतरते आहे. चौपाटीवरून वर पाहणाऱ्यास डोंगर दुर्गम वाटतो आणि पलीकडे उतरणारा मनुष्य न दमता पाण्यापर्यंत पोहोचतो, त्याचे कारण हे. जुनी वस्ती पश्चिम उतारावर का झाली याचेही उत्तर याच कलात आहे, कारण गोड पाणी तिकडेच होते.

ते पाणी म्हणजे बाणगंगा. तीन बत्तीवरून खाली उतरणाऱ्या गल्लीत शिरले की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला आयताकृती तलाव समोर येतो. भोवती देवळे, धर्मशाळा, दशनामी गोसाव्यांच्या समाध्या. पलीकडे हाकेच्या अंतरावर खारा समुद्र. आख्यायिका अशी की, लंकेस निघालेल्या रामास येथे तहान लागली, त्याने बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली. लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणीत असे. एके दिवशी त्यास उशीर झाला म्हणून रामाने वाळूचेच लिंग केले. तो वाळुकेश्वर, म्हणजे आपला वाळकेश्वर. आख्यायिका पुराव्यात दाखल करता येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु समुद्रकाठी अखंड वाहणारा गोड झरा ही गोष्ट आख्यायिका नव्हे, आणि तिच्याभोवती तीर्थ उभे राहणे हेही स्वाभाविकच. तलाव व मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातील, असे परंपरा सांगते.

त्या काळी बेटावर कोणती भाषा चालत होती, याचा एक ठोस पुरावा याच मुंबईत परळ येथे सापडला आहे. इ.स. ११८७ चा, शिलाहार राजा अपरादित्य याचा तो शिलालेख. त्यात दानाचा तपशील संस्कृतात आहे. परंतु हे शासन जो मोडील त्यास दिलेला शाप मात्र मराठीत आहे आणि त्याखाली गाढवाचे चित्र कोरले आहे. आमच्या व्यवसायातील माणसाने या लेखापुढे थोडे थांबावे. दस्ताचा दिमाख संस्कृतात ठेवला, पण दस्त मोडल्यास काय होईल, ही धमकी ज्या भाषेत दिली ती भाषा ऐकणाऱ्यांची होती. कळणार नसलेल्या भाषेत कोणीही धमकी देत नाही. लोकभाषा कोणती होती हे ठरविण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस तरी ठाऊक नाही.

पुढे पोर्तुगीज आले आणि वाळकेश्वराचे देऊळ पाडले गेले. १६७०च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मुंबईत आला. त्याने या डोंगराचे वर्णन केले आहे. खडकाळ, झाडीचा, उंच गवताचा डोंगर. माथ्यावर नुकताच बांधलेला पारशी दखमा. समुद्राकडील उतारावर एका प्रचंड देवालयाचे अवशेष आणि जवळच गोड्या पाण्याचा तलाव. या तलावासाठी मलबारी लोक येत, असेही तो नोंदवितो. त्याच्या लेखी डोंगराचे नाव तेव्हाच मलबार हिल आहे. नावाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, दक्षिणेच्या मलबार किनाऱ्यावरील चाचे या टोकावरून जहाजांवर नजर ठेवीत; दुसरे, त्याच किनाऱ्याचे यात्रेकरू व खलाशी येथे दर्शनास व पाण्यास थांबत. फ्रायरची नोंद दुसऱ्या बाजूस झुकते. आम्हांसही तीच अधिक पटते, कारण चाचा झाला तरी त्याला पाणी लागतेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परक्याने डोंगरास नाव दिले ते तेथे राहणाऱ्यांवरून नव्हे, तर येऊन जाणाऱ्यांवरून. येणारा परका येणाऱ्या परक्यालाच प्रथम पाहतो. तलावाकाठच्या गावाने आपल्या देवाचे नाव सोडले नाही. आजही पश्चिम उतार वाळकेश्वरच आहे आणि माथा मलबार हिल. एकाच डोंगराच्या दोन अंगांची ही दोन नावे साडेतीनशे वर्षे शेजारी नांदत आहेत. मलबार हे नाव पुसावे असे आम्ही म्हणणार नाही, कारण तेही एका खऱ्या ये-जाचे साक्षीदार आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या शहराचे नाव सरकारी कागदांवर बदलले गेले, तेव्हा पाटी बदलण्याने काय होते आणि काय होत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

पाडलेले देऊळ १७१५च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. ते उभारले रामा कामत या शेणवी सारस्वत व्यापाऱ्याने. इंग्रजी कागदांत या नावाची इतकी रूपे आढळतात की, ती एकाच माणसाची आहेत हे कळावयास वेळ लागतो. कंपनीच्या दरबारी त्याचे वजन मोठे होते. १७१८च्या नाताळात किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च उघडले, त्या प्रसंगी तो आपल्या जातभाईंसह उपस्थित होता, असे खुद्द तेथील पाद्र्याने लिहून ठेवले आहे. आणि दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, त्याच कंपनीने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. आरोप असा की, कंपनीचा वैरी कान्होजी आंग्रे याच्याशी त्याने गुप्त पत्रव्यवहार केला.

हा खटला प्रत्येक वकिलाने एकदा वाचावा. मुख्य पुरावा पत्रांचा. त्यांच्या पुष्टीसाठी कामताच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून त्याच्याकडून कबुली काढण्यात आली, आणि ही गोष्ट लपविण्याची गरजही कोणास वाटली नाही. कामत दोषी ठरला. मालमत्ता जप्त झाली. त्याचा अंत कैदेतच झाला. ती पत्रे बनावट होती हे पुढे उघडकीस आले. परंतु तोवर मालमत्ता गेली होती आणि माणूसही. ज्या न्यायालयापुढे हे झाले त्याचा कारभार इंग्रजीत, आरोपीचे सारे आयुष्य, हिशेब आणि पत्रव्यवहार देशी भाषांत. पत्र खरे की खोटे, लिहिण्याची धाटणी आंग्र्यांच्या दफ्तराची की दुसऱ्या कोणाची, हे ओळखू शकेल असा मनुष्य न्यायासनावर नव्हता. बाणगंगेवर उभे राहून रामा कामताचे देऊळ पाहताना आमच्या मनात हेच येत होते. देऊळ उभे आहे, आणि उभारणाऱ्याच्या वाट्यास शिक्षेचा कागद आला.

ज्या कान्होजीच्या नावाने हे घडले, त्याचेही या डोंगराशी नाते सांगतात. मलबार पॉइंटच्या टोकाशी श्रीगुंडी नावाची एक फटीची शिळा होती. त्या फटीतून सरपटत पलीकडे गेल्यास पाप धुऊन जाते, अशी श्रद्धा. शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे आणि इंग्रजांच्या आश्रयास येऊन राहिलेले रघुनाथराव हे सारे त्या फटीतून गेल्याची परंपरा आहे. राघोबादादांना त्याची गरज अधिक होती, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. चौपाटीवरून डोंगर चढणाऱ्या सीरी रोडचे नाव कोणी शिडीवरून आल्याचे मानतात, कोणी श्रीगुंडीच्या श्रीवरून. यात्रेकरू वाळकेश्वरास जात ती जुनी वाट हीच. चढ पाहता शिडीच आम्हांस जवळची वाटते.

इंग्रजांची वस्ती वर सरकली ती एकोणिसाव्या शतकात. गव्हर्नर एल्फिन्स्टनने टोकावर बंगला बांधला. १८८२ मध्ये परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला, आणि १८८५च्या सुमारास लाटसाहेबांचे बिऱ्हाड कायमचे समुद्रवाऱ्याच्या मलबार पॉइंटवर आले. तेच आजचे राजभवन. साहेबामागून शेठ आले, शेठांमागून मंत्री. जलाशयावर १८८१ मध्ये केलेली हँगिंग गार्डन आणि समोरच्या बागेतील म्हातारीचा बूट हे शाळेच्या सहलींमुळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. १९४४च्या सप्टेंबरातील गांधी-जिना वाटाघाटी झाल्या तो जिनांचा बंगलाही याच डोंगरावर. रिज रोडला आता बाळासाहेब खेरांचे नाव आहे, तरी रिज रोडच म्हणणारे अजून भेटतात.

याच राजभवनाच्या प्रांगणात ३० एप्रिल १९६० च्या मध्यरात्री पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्राचा नकाशा विजेच्या दिव्यांनी उजळला. खाली गिरगाव, लालबाग, परळ जागे होते. १०६ हुतात्म्यांचे मोल देऊन मिळालेली ती रात्र होती. त्या आनंदास उणे लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु दिव्यांची ती रेषा बेळगाव, निपाणी, खानापूर आणि कारवार बाहेर ठेवून वळली होती. १९५६ साली आम्हांस म्हैसूर राज्यात घातले गेले त्यास तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. नंतर १९६६चा महाजन आयोग आला, २००४चा सर्वोच्च न्यायालयातील दावाही आला. एका वयोवृद्ध कार्यकर्त्याने आम्हांस सांगितले होते की, त्या रात्री घरी रेडिओजवळ बसून त्यांनी सारा सोहळा ऐकला आणि शेवटी आईने विचारले, ‘अरे, यात आपलं नाव कधी घेतलं?’

बाणगंगेच्या पायऱ्यांवर एक आजी कपडे वाळत घालीत होत्या. कुठून आलात, म्हणून त्यांनी विचारले. बेळगावहून, म्हटल्यावर, ‘म्हणजे आपल्याकडचेच की’, एवढेच बोलून त्या कामास लागल्या.

चारच्या आधी आम्ही चढ चढून परत आलो. पाच वाजून गेल्यावर आत बोलावणे आले. निवेदन, सोबतचा नकाशा आणि मराठी बहुसंख्येच्या गावांची यादी एका साहाय्यकाने स्वीकारली. आम्ही पोच मागितली; शिक्का दुसऱ्या खोलीत होता, तो येईपर्यंत आणखी अर्धा तास उभे राहिलो आणि पोच घेऊनच डोंगर उतरलो.