चारही चाकांना जोर : फोर व्हील ड्राइव्ह पिकअप कुठे आणि का?

पिकअप ट्रक आणि फोर व्हील ड्राइव्ह ही जोडी जाहिरातींनी इतकी पक्की करून टाकली आहे की एकाचे नाव घेताच दुसरे आठवते. प्रत्यक्षात अनेक देशांत धावणाऱ्या पिकअपपैकी बहुतेकांची केवळ मागचीच चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. पिकअपचे माहेरघर म्हणता येईल असा थायलंड यांपैकीच एक, आणि भारतही. याउलट ऑस्ट्रेलियात नवा पिकअप घेणारा ग्राहक बहुधा चारही चाकांना चालना देणारीच गाडी निवडतो. जपानच्या बर्फाळ खेड्यांत तर ६६० सीसीचा चिमुकला मालट्रकही पुष्कळदा फोर व्हील ड्राइव्ह असतो. हा फरक केवळ डोंगर, चिखल आणि बर्फ यांनी पडलेला नाही. सरकारचा कर, रस्त्यांची अवस्था आणि शेतातला चिखल तुडवायला दुसरे एखादे यंत्र हाताशी आहे की नाही, या गोष्टींचाही त्यात मोठा वाटा आहे.

या रचनेचे मर्म समजून घेणे येथे आवश्यक आहे. गिअरबॉक्सला जोडलेली ट्रान्सफर केस नावाची पेटी इंजिनाची शक्ती मागच्या आसाबरोबर पुढच्या आसाकडेही वळवते. तिच्यात सहसा 'लो' असा जादा गिअरही असतो; त्याने वेग घटतो, पण चाकांवरील जोर कित्येक पटींनी वाढतो. मात्र अशा बहुतेक पिकअपमध्ये पुढील व मागील आसांच्या गतीतील फरक सामावून घेणारी मधली योजना नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून गाडी वळवली, तर हा ताण टायरवर आणि दातेरी चाकांवर येतो. त्यामुळे फोर व्हील ड्राइव्ह गाडीचेही आयुष्य बहुतांशी दोन चाकांच्या चालनेवरच जाते. जादा आस, जादा शाफ्ट आणि ती पेटी यांचे वजन मात्र गाडी कायम वाहते. तेवढा माल कमी भरता येतो, इंधन अधिक लागते, दुरुस्तीही वाढते. भाड्याच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या मालकाच्या दृष्टीने हा रोजचा तोटा आहे.

पिकअप उदंड, चालना दोनच चाकांना

थायलंडमध्ये पिकअपवरील उत्पादन शुल्क मोटारींच्या तुलनेत दीर्घकाळ कमी राहिले. परिणामी एक टन माल वाहणारा पिकअप हीच तेथे शेतकऱ्याची, दुकानदाराची आणि कित्येक कुटुंबांची गाडी झाली. मागच्या हौद्यावर छप्पर घालून समोरासमोर दोन बाकडी टाकली की तिचीच प्रवासी गाडी होते. 'सोंगथेव' या तिच्या नावाचा अर्थच 'दोन रांगा' असा आहे. देशातील महामार्ग चांगले आहेत आणि ईशान्येकडील भातशेतीचा ईसान हा प्रदेश बव्हंशी सपाट पठारी आहे. त्यामुळे चारही चाकांना चालना देण्याची गरज उत्तरेकडील चियांग माई, मे हाँग सोन अशा डोंगराळ भागांपुरती उरते. तेथील ग्राहकाला उंच बांध्याचा रुबाब मात्र हवा असतो. टोयोटाने त्यावर 'प्रीरनर' हा तोडगा काढला : फोर व्हील ड्राइव्हसारखीच उंच दिसणारी, पण मागच्याच चाकांवर चालणारी हायलक्स. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडमध्ये आलेला स्वस्त हायलक्स चॅम्पही मागच्या चाकांच्या चालनेचाच होता. दक्षिण आफ्रिकेत पिकअपला 'बक्की' म्हणतात. तेथेही उंच बांध्याच्या, पण दोन चाकांच्या चालनेच्या गाड्यांना मोठी मागणी असते.

गंमत अशी की थायलंडमधील कारखान्यांतूनच ऑस्ट्रेलियाला फोर व्हील ड्राइव्ह पिकअप जातात. 'यूट' हा तेथला जुना प्रकार. फोर्डच्या जिलाँग येथील कारखान्यात १९३४ साली तो आकाराला आला. पुढे अनेक दशके यूट म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावरचा, दोन चाकांच्या चालनेचा हौदा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोटारनिर्मिती थांबली आणि ही देशी जातही तिच्याबरोबर संपली. तोवर थायलंडहून येणाऱ्या चार दारांच्या, चार चाकांच्या चालनेच्या पिकअपनी बाजार व्यापला होता. २००५ च्या प्रारंभापासून लागू झालेल्या द्विपक्षीय मुक्त व्यापार कराराने त्यांची वाट सुकर केली होती. हायलक्स २०१६ ते २०२२ या काळात ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपणारी गाडी होती. २०२३ मध्ये तिची जागा फोर्ड रेंजरने घेतली. यांपैकी प्रत्येक गाडी वाळवंटात जाते असे मानण्याचे कारण नाही. मुख्यतः माल वाहण्यासाठी बांधलेल्या गाड्या आलिशान मोटारींवरील करातून वगळलेल्या असल्याने आठवडाभर धंद्यासाठी आणि सुटीत सहलीसाठी एकच गाडी घेणे तेथे परवडते. ब्रिटनमध्येही कंपनीकडून मिळणाऱ्या चार दारांच्या पिकअपवर मालवाहू गाडीप्रमाणे सौम्य कर होता. एप्रिल २०२५ पासून कंपनीच्या गाड्यांवरील करापुरता तो मोटारीप्रमाणे आकारण्यास सुरुवात झाली. उर्वरित युरोपात बंदिस्त व्हॅनचेच राज्य आहे.

अमेरिकेची कथा वेगळी आहे. महायुद्धातील लष्करी ट्रकवर बेतलेला डॉजचा 'पॉवर वॅगन' १९४६ मध्ये नागरी बाजारात आला. फोर्डने १९५९ पासून आपले पिकअप कारखान्यातूनच फोर व्हील ड्राइव्हसह देण्यास प्रारंभ केला. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला, त्याचा सूड म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेने आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लादले. कोंबड्यांचा वाद केव्हाच विस्मरणात गेला. ते शुल्क मात्र टिकले आणि त्याच्या आडोशाने देशी बनावटीचे अवाढव्य पिकअप पोसले गेले. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तेथे सर्वाधिक खपणारा ट्रक ठरली. तरीही उत्तरेकडील हिमाच्या पट्ट्यात व पश्चिमेच्या पर्वतांत चार चाकांच्या चालनेला जेवढी पसंती आहे, तेवढी दक्षिणेच्या उष्ण, सपाट राज्यांत नाही.

भूगोलाला सर्वांत प्रामाणिक उत्तर दिले ते जपानने. तेथील 'केई' वर्गाचा मालट्रक ३.४० मीटरहून लांब नसतो आणि ३५० किलो माल वाहतो. सुबारूने १९८० मध्ये आपल्या साम्बार ट्रकला फोर व्हील ड्राइव्ह दिली. भातखाचरांमधील अरुंद, निसरडे बांध आणि हिवाळ्यातील बर्फ यांमुळे ही योजना शेतकऱ्यांत रुजली. हायलक्सचा जन्म १९६८ साली ज्या देशात झाला, त्या जपानमध्ये २००४ नंतर ती तेरा वर्षे विक्रीलाच नव्हती. लहान ट्रकचे मात्र कधी अडले नाही.

भारत : जीपपासून मागे

भारतात फोर व्हील ड्राइव्ह घरोघरी परिचित झाली ती जीपमुळे. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे मात्र मैदानी भागातील मालकांना चारही चाकांच्या चालनेचा खर्च निरर्थक वाटू लागला, आणि कमांडर, मार्शल अशा गाड्या दोन चाकांच्या चालनेतही मिळू लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून माणसे कोंबून धावलेल्या जीप बहुतांशी याच जातीच्या. १९८८ मध्ये टाटामोबाइल आली, मागाहून टाटा २०७ व बोलेरो पिकअप आले, आणि २००५ मध्ये 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टाटा एस. नारायणगावचे टोमॅटो असोत की देवगडचा हापूस, तो बाजारात पोहोचवणारी गाडी जवळजवळ नेहमी मागच्या चाकांवरच चालते.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे ट्रॅक्टर. जपानी शेतकऱ्याचा चिमुकला ट्रक बांधावर उतरतो. आपल्याकडे शेतातून सडकेपर्यंतचा चिखल ट्रॅक्टर आणि ट्रॉली तुडवतात, आणि पिकअप सडकेवर उभा राहून माल भरून घेतो. दुसरे कारण २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे. मैदानी प्रदेशात ५०० आणि डोंगराळ प्रदेशात २५० लोकवस्तीपर्यंतच्या वाड्यांना बारमाही रस्ता देण्याचे तिचे उद्दिष्ट होते. असा रस्ता पोहोचला की चार चाकांच्या चालनेची निकड ओसरते.

चित्र पालटते ते हिमालयात. मनाली ते अटल बोगदा या मार्गावर किंवा तंगमर्गहून गुलमर्गला जाताना, हिमवृष्टीनंतर केवळ फोर व्हील ड्राइव्ह अथवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच पुढे सोडल्या जातात. अशा वेळी ही योजना चैनीची वस्तू राहत नाही. भाजी, औषधे आणि गॅसचे सिलिंडर वर पोहोचणार की नाही हे तिच्यावर ठरते. बोलेरो पिकअप आणि चार दारांची कॅम्पर यांच्या फोर व्हील ड्राइव्ह आवृत्त्यांना खरा ग्राहक मिळतो तो लडाखपासून अरुणाचलपर्यंतच्या या पट्ट्यात, तसेच खाणी, धरणे आणि वीजवाहिन्यांच्या कामांवर. दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंज्यांगपासून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत मळेवाल्या इंग्रजांच्या काळातील लँड रोव्हर कित्येक दशके माणसे व सामान वाहत राहिल्या. तो रस्ता काँक्रीटचा होत गेला, तशी त्यांची जागा बोलेरोंनी घेतली.

हौसेखातर पिकअप घेणारा वर्ग भारतात उशिरा आला. २००७ ची स्कॉर्पिओ गेटअवे आणि तिच्यामागून आलेली टाटा झेनॉन या दोहोंत चार चाकांच्या चालनेची सोय होती, परंतु घरच्या बाजारात त्या फारशा रुजल्या नाहीत. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बनलेली इसुझू व्ही-क्रॉस आली, आणि २०२२ मध्ये केवळ फोर व्हील ड्राइव्हमध्येच मिळणारी हायलक्स, सुमारे ३४ लाख रुपयांपासून. लाहौलमधील बटाटा उत्पादकाच्या हिशेबात ही किंमत कोठेच बसत नाही. तो दोन चाकांच्या चालनेचा पिकअप घेतो आणि सीटमागे लोखंडी साखळ्या ठेवतो. आणि गेटअवेचेच भावंड असलेला महिंद्राचा पिकअप दक्षिण आफ्रिकेत चांगला खपतो. २०१८ पासून डर्बन येथे त्याची जुळणीही होऊ लागली.