विल्टशरचा नाताळ, साष्टीचा नाताळ

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी गोठ्याच्या तयारीला लागतात. पेंढा येतो, बांबू येतात आणि छपरासाठी माडाच्या झावळ्या येतात. बेथलेहेमात माड नव्हते हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगण्याचे काही कारणही नाही. आम्हांला मात्र त्या झावळ्या पाहिल्या की दरवर्षी एका जुन्या पत्राची आठवण होते. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या एका तीस वर्षांच्या तरुणाने ते आपल्या वडिलांना लिहिले होते. पत्राची तारीख 10 नोव्हेंबर 1579, ठिकाण गोवे शहर. नाताळाला तेव्हा दीड महिना उरला होता.

पत्रलेखकाचे नाव वाचकांना अपरिचित नाही. ते थॉमस स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराण’कर्ते. आपण त्यांना ओळखतो ते वयोवृद्ध, ओवी रचणारे फादर स्टीफन्स म्हणून. येशूसंघाचा झगा अंगावर घेऊन नुकताच जहाजातून उतरलेला, मराठीचे एक अक्षरही न जाणणारा इंग्रज तरुण आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. या नाताळाच्या निमित्ताने आम्ही त्याच तरुणाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

4 एप्रिल 1579 रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाजे उकाड्यात दिवसेंदिवस खोळंबून राहिली. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेचे दक्षिण टोक वळताना त्यांचे जहाज खडकांवर आदळता आदळता वाचले. पुढे ताजे अन्न न मिळाल्यामुळे होणारा तो समुद्रावरचा रोग आला. हिरड्या सुजू लागल्या, पाय सुजू लागले, दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि पंचवीसहून अधिक दगावली. दिशा चुकून जहाज अरबस्तानाच्या बाजूला भरकटले. अखेर 24 ऑक्टोबरला गोव्याचा किनारा लागला. हे सारे स्टीफन्स वडिलांना लिहितात, पण त्यात कुठे रडगाणे नाही. उडणारे मासे, शार्कच्या पुढे पुढे पोहणारे लहान मासे, जमीन जवळ आल्याची खूण सांगणारे पक्षी आणि पाण्यातले साप यांत त्यांचे मन रमलेले दिसते.

गोव्यात उतरून सतराच दिवस झालेल्या या तरुणाच्या नजरेला पहिली भरली ती झाडे. युरोपात पाहिलेले एकही झाड इथे दिसत नाही, अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, आणि तिचाही इथे काही उपयोग नाही, कारण सगळा द्राक्षारस पोर्तुगालहून येतो, असे ते कळवतात. मग माडाचे वर्णन येते. प्यायला रस, तेल, साखर, शिरका, दोर, कोळसा, घर शाकारायला झावळ्या, अंथरायला चटया, असे सगळे एकाच झाडातून! आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. परंतु हे पत्र ज्यांच्या हाती पडायचे होते ते विल्टशरसारख्या थंड, गवताळ परगण्यात राहणारे होते. तिकडे नाताळात घरे हॉली आणि आयव्हीच्या हिरव्या फांद्यांनी सजवीत. त्यांतली एकही फांदी गोव्यात मिळणार नव्हती. मिस्साबलिदानासाठी लागणारा द्राक्षारससुद्धा त्यांच्याच जहाजासारख्या एखाद्या जहाजातून सहा महिने हेलकावे खात वेदीपर्यंत पोहोचत होता.

पत्राचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. वाऱ्यांच्या ऋतुचक्रामुळे परतीची जहाजे सामान्यतः डिसेंबर-जानेवारीत सुटत आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास लिस्बनला लागत. उत्तर घेऊन येणारी जहाजे त्यानंतरच्या वसंतात तिकडून निघून ऑक्टोबरच्या आसपास गोव्यात येत. म्हणजे 1579 च्या नाताळात विचारलेल्या कुशलाचे उत्तर सगळे सुरळीत झाले तर 1581 च्या नाताळापूर्वी मिळायचे. गोव्यातल्या त्या पहिल्या नाताळाच्या रात्री वडिलांना लिहिलेले ते पत्र एक तर बंदरातच पडून असेल, नाही तर नुकतेच समुद्रावर लोटले असेल.

इथे आम्हांला आमचा एक नाताळ आठवतो. गुरुदीक्षा होऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि आमची नेमणूक डोंगरातल्या एका मिशन केंद्रावर होती. मध्यरात्रीची मिस्सा झाली, लोक शेकोटीभोवती नाचू लागले आणि आम्ही खोलीत जाऊन दार लावून घेतले. आईच्या हातचा फराळ, भावंडांचा गलका, सगळे एकदम आठवले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन एसटीडी बूथवरून आईशी तीन मिनिटे बोललो, तेव्हा जीव थाऱ्यावर आला. आज आमच्याकडचे तरुण धर्मगुरू मोबाईलच्या पडद्यावर घरचा गोठा पाहतात. तीन मिनिटांच्या त्या आधाराने आम्ही सावरलो, आणि स्टीफन्स यांना दोन वर्षांची वाट होती, ही तुलना आम्हांला पुढे कित्येक वर्षांनी सुचली आणि आम्ही मनोमन खजील झालो.

पण आमच्यात आणि त्यांच्यात याहून मोठा फरक आहे. आमचे घर नाताळ साजरा करीत होते, फक्त आम्ही तिथे नव्हतो. स्टीफन्स यांच्या देशात त्यांच्या श्रद्धेचा नाताळ उघडपणे साजरा करता येत नव्हता. राणी एलिझाबेथच्या राज्यात 1559 च्या कायद्याने मिस्साबलिदानाला बंदी घातली होती. 1581 च्या कायद्याने मिस्सा ऐकणाऱ्याला शंभर मार्क दंड आणि वर्षाचा कारावास ठरवला, अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला दुप्पट दंड. सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्याला महिन्याला वीस पौंड भरावे लागत.

त्या अंधारात स्टीफन्स यांचे जिवलग मित्र होते थॉमस पाउंड. हे एके काळचे दरबारी सरदार. एका नाताळात राणीसमोर नृत्य करताना पाउंड घसरून पडले, राणीने त्यांची टर उडवली आणि त्याच क्षणी त्यांनी दरबारी आयुष्याला रामराम ठोकला, अशी आख्यायिका आहे. पुढे पाउंड आणि त्यांच्या सेवकाच्या वेषातले स्टीफन्स असे दोघे इंग्लंडभर श्रद्धावंतांना धीर देत फिरले. रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा दोघांचा बेत होता. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले, 20 ऑक्टोबर 1575 रोजी संघात दाखल झाले आणि तिथून त्यांनी आपल्या कैदेतल्या मित्रालाही संघात घ्यावे म्हणून विनंती केली. ती मान्य झाली. पाउंड यांनी मात्र सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली.

तेव्हा गोव्यातल्या पहिल्या नाताळात या तरुणाला घराची ओढ वाटली नसेल असे नाही, पण ते घर कोणते? विल्टशरमध्ये परतून उघडपणे मिस्सा ऐकणेही त्याच्या नशिबी नव्हते. 1580 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी, नाताळाला अवघे साडेतीन आठवडे उरले असताना, 1 डिसेंबर 1581 रोजी त्यांचे देशबांधव आणि संघबंधू एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. ही बातमीसुद्धा जहाजाच्या गतीनेच भारतात यायची होती.

यानंतर आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ऑक्टोबर 1582 मध्ये पंचांग सुधारून दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ते ताबडतोब स्वीकारले, फ्रान्सने त्याच वर्षी डिसेंबरात. समुद्रापलीकडच्या पोर्तुगीज मुलखांत ते आज्ञा घेऊन येणाऱ्या जहाजांच्या मागोमाग लागू झाले. इंग्लंडने मात्र पोपचे पंचांग म्हणून ते नाकारले, ते थेट 1752 पर्यंत. परिणाम असा झाला की स्टीफन्स गोव्यात नाताळाची मिस्सा अर्पण करीत तेव्हा विल्टशरमध्ये 15 डिसेंबर असे, आणि विल्टशरमध्ये नाताळ उजाडे तेव्हा गोव्यात 4 जानेवारी होऊन लोक तीन राजांच्या सणाची तयारी करीत असत. पॅरिसमध्ये असलेला त्यांचा भाऊ रिचर्ड आणि ते स्वतः एकाच दिवशी नाताळ पाळू शकत, जन्मगावाशी मात्र तेवढाही दुवा उरला नाही.

याच रिचर्डला 24 ऑक्टोबर 1583 रोजी त्यांनी लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्या जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार संघबंधू सोबत्यांसह मारले गेले होते. (ही साष्टी गोव्यातली, आपल्या वसईच्या दक्षिणेची नव्हे.) आक्वाविवा साधारण स्टीफन्स यांच्याच वयाचे, काही महिन्यांपूर्वी अकबराच्या दरबारातून परतलेले. आपण त्यांना धन्य मानतो आणि ते योग्यच आहे. तथापि पोर्तुगीजांनी त्या भागातली देवळे जाळली होती, आणि हत्येनंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले, हेही आपण त्याच दमात सांगितले पाहिजे. गावकऱ्यांचा राग अकारण नव्हता, हे मान्य करताना आमच्यासारख्यांनी कचरू नये.

त्या रक्तरंजित घटनेचा वृत्तांत लिहिणाऱ्या हातानेच त्याच पत्रात या प्रदेशातल्या भाषांची स्तुती केली आहे. त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात, त्यांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, त्यांची वाक्यरचना अद्भुत आहे, असे स्टीफन्स आपल्या भावाला कळवतात. येऊन फक्त चार वर्षे झाली होती! आम्हांला हे पत्र वाचताना वाटते की या तरुणाला हरवलेल्या नाताळाची वाट याच भाषेत सापडू लागली होती.

पुढची पस्तीस-छत्तीस वर्षे ते प्रामुख्याने साष्टीतच राहिले. राशोल, मडगाव, आसपासची गावे. त्यांनी कोंकणी आणि मराठी आत्मसात केली, कोंकणीत ख्रिस्ती शिकवण लिहिली, त्या भाषेचे व्याकरण रचले. आणि मग ‘ख्रिस्तपुराण’ आले. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा एका नवख्रिस्ती माणसाचा प्रश्न त्या ग्रंथातच आहे. प्रश्न रोकडा होता. ज्यांच्या घरातून नामदेव-ज्ञानेश्वरांच्या परंपरेतली ओवी काढून घेतली गेली त्यांना स्टीफन्स यांनी ओवी परत दिली. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन पुराणे, आणि त्यांतल्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची कथा. बेथलेहेमचे मेंढपाळ, पूर्वेचे ज्ञानी राजे, बाळाजवळची मरियामाता, हे सगळे तिथे मराठीत बोलू लागते. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही.

एक खंत त्यांच्या मनात राहून गेली. आगमनकाळातच, 5 डिसेंबर 1608 रोजी, संघाच्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषेची पुस्तके इथल्याच लिपीत छापली जावीत अशी कळकळीची विनंती केली. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीला दोन डझन खिळे पुरत, आपल्या जोडाक्षरांना कित्येक शे लागत. ते जमले नाही. 1616 मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत, त्यानंतर 1649 आणि 1654 मध्येही तसेच. त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही असे अभ्यासक सांगतात. गोव्यातून स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती जपल्या आणि त्यांच्या आधारे 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालदान्हा यांनी ग्रंथ पुन्हा छापला.

स्टीफन्स 1619 मध्ये गोव्यात वारले. 1579 पासून मोजले तर भारतात त्यांचे चाळीस नाताळ झाले. इंग्लंडला ते कधीच परतले नाहीत. त्यांना हव्या असलेल्या आपल्या लिपीत लिहिलेली ‘ख्रिस्तपुराणा’ची एक जुनी हस्तलिखित प्रत मात्र विल्यम मार्सडन यांच्या संग्रहातून इंग्लंडला पोहोचली. विसाव्या शतकात जस्टिन ॲबट या अभ्यासकाने अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वेधले. देवनागरीतली ती प्रत आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत आहे.