कापणी करणाऱ्याचे वस्त्र

बायबलचा काळ म्हटला की राजे, संदेष्टे, लढाया आठवतात. मला मात्र गेली काही वर्षे एक फुटके खापर सोडत नाही.

१९६० साली इस्राएलच्या किनाऱ्याजवळ मेसाद हशव्याहू या लहानशा किल्ल्यात जोसेफ नावे यांनी उत्खनन केले, तेव्हा वेशीलगतच्या पहाऱ्याच्या खोलीत ते सापडले. त्यावर शाईने लिहिलेल्या सुमारे १४ हिब्रू ओळी आहेत. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा. एका शेतमजुराने अधिकाऱ्याकडे केलेला हा अर्ज. कापणी केली, धान्य नेहमीप्रमाणे कोठारात टाकले, तरी शोबैचा मुलगा होशयाहू आला आणि माझे वस्त्र घेऊन गेला. उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, असे तो सांगतो. होशयाहू मुकादम असावा आणि काम भरले नाही असे त्याचे म्हणणे असावे.

एका वस्त्रासाठी एवढी धावपळ? पण ते वस्त्र म्हणजे आपली घोंगडी समजा. दिवसा अंगावर, रात्री अंथरूण-पांघरूण तेच. म्हणूनच ‘निर्गम’मधला कायदा सांगतो की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याआधी परत करा. ‘अनुवाद’ तर सावकाराला ऋणकोच्या घरात शिरूही देत नाही; त्याने बाहेर उभे राहायचे, गहाण ऋणकोच आणून देईल. आणि जाते, किंवा त्याची नुसती वरची तळीही, गहाण घ्यायची नाही.

या जात्याने मला बरीच वर्षे फसवले. मराठी बायबलमध्ये ‘जाते’ वाचून माझ्या डोळ्यांपुढे आजीचे खुंट्याचे, गरगर फिरणारे जाते यायचे. तसले जाते त्या भागात रुळले ते पुष्कळ नंतर, ग्रीक-रोमन काळात. त्याआधीचे साधन आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जवळचे. खाली खोलगट दगड, वर हातात मावणारा दुसरा, आणि बाई गुडघ्यांवर बसून तो पुढे-मागे रेटते. वरच्या दगडाचे हिब्रू नाव ‘स्वार होणे’ या धातूवरून आले आहे. ‘शास्ते’मध्ये एक बाई बुरुजावरून असलाच दगड टाकून अबीमलेखाची कवटी फोडते, ते आता मला पटते. आजीची तळी तिला एवढी सहज फेकता आली नसती! पीठ रोजचे रोज दळायचे. वरचा दगड सावकाराकडे गेला की संध्याकाळची भाकरीच गेली.

कायदा होता म्हणजे तो पाळला जात होता असे नाही. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळणाऱ्यांना आमोस झोडपतो, ते उगाच नव्हे. खापरावरचा मजूर तर कायद्याचे नावही काढत नाही. त्याचा भरवसा साक्षीदारांवर, आणि ते कमी पडले तर अधिकाऱ्याच्या दयेवर. मजकुरात तेच तेच पुन्हा येते. बहुधा तो बोलत गेला आणि लेखनिक तसेच उतरवत गेला. शेवटच्या ओळी झिजल्या-तुटल्या आहेत. तोवर वस्त्राचा उल्लेख त्याने पुन्हा पुन्हा केलेला आहे.