ओव्याचे तेल (जीवाणुरोधक गुण)

ओवा (ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुल एपिएसी) या वनस्पतीच्या सुक्या फळांपासून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील तेल. ही फळे व्यवहारात बी म्हणूनच विकली जातात. भारतात लागवड मुख्यतः राजस्थान व गुजरातेत. तेलाचा उतारा साधारण २ ते ४ टक्के. त्यात थायमॉल बहुधा ३५ ते ६० टक्के, बाकीचा मोठा भाग पॅरा-सायमीन व गॅमा-टर्पिनीन.

थायमॉल : तेल थंड जागी ठेवल्यास स्फटिक सुटतात, हेच बाजारातले ओव्याचे फूल. तेलात राहिलेले थायमॉल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरवून अम्लाने पुन्हा वेगळे करतात. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि थायमॉल तिकडे तयार होई. युद्धाने हा व्यापार तुटला. मागणीचे एक मोठे कारण अंकुशकृमी हे होते : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर आयोगाने या कृमीविरुद्ध चालविलेल्या मोहिमेत थायमॉल हेच मुख्य औषध होते. जीवाणूंशी याचा संबंध नाही, परंतु तेलाला आलेला भाव त्याशिवाय समजत नाही. आता थायमॉल बहुतांशी मेटा-क्रेसॉलपासून कारखान्यात बनते. कापूर व पेपरमिंटचे फूल (मेंथॉल) यांच्याबरोबर खलले असता थायमॉल पातळ होते. अमृतधारा हे घरगुती औषध ते हेच.

क्रिया : थायमॉल हे फिनॉल असून मेदस्नेही आहे. ते जीवाणूच्या पेशीपटलात शिरते, पटल सच्छिद्र होते, पोटॅशियम आयन व एटीपी बाहेर झिरपतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे ग्रॅम-धन जीवाणू लवकर बळी पडतात. एश्चेरिकिया कोलाय काहीसा चिवट, तर स्यूडोमोनस एरुजिनोसा बाह्यपटल व निष्कासक पंपांमुळे फारशी दाद देत नाही. संपूर्ण तेल शुद्ध थायमॉलपेक्षा प्रभावी असते, असे काहींचे मत आहे.

मापन : आगर-बशीवरील रोधवलयाच्या व्यासावरून तेलांची तुलना करण्याची प्रथा आहे, ती फारशी भरवशाची नाही. तेल पाण्यात मिसळत नाही व उडून जाते, त्यामुळे वलय लहान दिसू शकते. पायसकारक घालून द्रव माध्यमात काढलेली किमान रोधक संहती अधिक ग्राह्य. मात्र पायसकारकानेही आकडा बदलतो. अन्नातील स्निग्धांश व प्रथिने परिणाम घटवितात.

वापर : मुखधावने, दंतमंजने. महाराष्ट्रात बाळंतिणीला व बाळाला ओव्याची धुरी देतात.

विषाक्तता : शुद्ध थायमॉल त्वचेला व श्लेष्मल पटलाला दाहक.