बोटीवरचा तांब्या

भंडाऱ्याला समुद्र नाही. वैनगंगा आहे, आणि तिचे पाणी पुढे प्राणहिता-गोदावरीच्या सोबतीने बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच काय तो आमचा समुद्राशी सोयरसंबंध. तळी मात्र उदंड. जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हाच म्हणतात. पण तळ्यात चालतो तो ढिवरांचा डोंगा. त्यात बसताना कोणी सामानाची यादी करीत नाही.

अशा या गावातली माणसे हल्ली दिवाळीची सुटी साधून वरठीच्या स्टेशनावर गाडीत बसतात, मुंबईला उतरतात, आणि हौसेच्या मोठ्या बोटीत चढून गोव्याकडे नाहीतर लक्षद्वीपकडे जातात. मग फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच घरात वाद सुरू होतो : बोटीवर न्यायचे काय? मुले पोहण्याचे कपडे काढतात, सूनबाई औषधांचा डबा शोधते, घरधनी तिकिटे पुन्हापुन्हा मोजतात. आणि माजघरातून आजी सांगते, "बाकी काहीही घ्या रे, पण आधी तांब्या घ्या!"

सगळे हसतात. पण आजीच्या त्या एका वाक्यात दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. समुद्रप्रवासाला निघालेल्या माणसाने गाठोड्यात काय बांधले, हे पाहिले की त्याला कशाची भीती होती आणि कशाची आशा होती, दोन्ही कळतात.

तांब्याची आठवण भंडाऱ्याच्या आजीला व्हावी, यात नवल नाही. पितळी भांडी हा या गावाचा जुना धंदा. गावाच्या नावाची एक व्युत्पत्तीही 'भाणा' म्हणजे पितळी थाळी या शब्दाकडे बोट दाखविते, रतनपूरच्या इ. स. ११०० च्या शिलालेखात गावाचे नाव 'भाणारा' असे आले आहे. स्टेनलेस स्टीलने पुढे पितळेला स्वयंपाकघरातून हळूहळू बाहेर काढले, पण त्याआधी प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाच्या हाती फिरकीचा तांब्या नाही, असे सहसा होत नसे. झाकण फिरवून घट्ट बसविले की गाडी कितीही हिंदकळो, पाणी सांडत नाही. तांब्या म्हणजे तहानेची सोय. आणि, हे उघडच बोलले पाहिजे, दुसऱ्याच्या हातचे पाणी टाळण्याचीही सोय.

त्या काळच्या समुद्रप्रवासाची आज कल्पना येणे कठीण. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला पोहोचायला चार-सहा महिने सहज घेई. उतारूला जहाजात मिळे ती बहुधा रिकामी खोली; खाट, खुर्ची, तोंड धुण्याचे मेज हे सारे ज्याचे त्याने न्यायचे. संसारच पाठीवर घेऊन निघायचे म्हणा ना! आगबोटी आल्या, कालवा झाला, आणि हाच प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. मग बोटीच्या कंपन्यांनी एक सुरेख युक्ती काढली. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी चिकटवायची. एका चिठ्ठीवर छापलेले असे, 'प्रवासात लागणारे'. दुसरीवर, 'प्रवासात न लागणारे'. पहिली पेटी हाताशी राही, दुसरी जहाजाच्या पोटात खोल जाई.

या दोन चिठ्ठ्यांतली निवड आमच्या लोकांना मोठी अवघड गेली. कारण पेटीत घालायच्या वस्तूंत एक अशी होती, की जी डोळ्यांना दिसत नसे : सोवळे.

बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमन पातकांत गणले आहे, आणि पुढच्या शास्त्रकारांनी ते कलियुगात वर्ज्य ठरविले. तरीही राजकारणाने ब्राह्मणालाही समुद्रावर ढकललेच. राघोबादादांनी आपली बाजू मांडण्यासाठी हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला पाठविला. त्याच्यासोबत मणियार नावाचे पारशी बापलेक होते. ही मंडळी १७८१ साली लंडनमध्ये होती. परमुलखात हनुमंतरावाच्या स्वयंपाकाचे आणि स्नानसंध्येचे काय? एडमंड बर्क या थोर वक्त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर मोकळे करून दिले. विलायती फुलझाडांच्या त्या घरात राघोबादादांचा वकील स्वतःच्या हाताने चूल पेटवून अन्न शिजवीत होता! एवढे सांभाळूनही परत आल्यावर राघोबांच्या ब्राह्मण वकिलांना जातीत घेईनात. शेवटी सोन्याची प्रतिमा करून, तीतून पार होऊन नवा जन्म घेतल्याचा विधी करावा लागला, असे विल्फर्ड नावाच्या पंडिताने लिहून ठेवले आहे.

सव्वाशे वर्षांनीही हे ओझे उतरले नव्हते. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला निघाले, तेव्हा 'ऑलिंपिया' नावाच्या बोटीवर त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले. त्यांतल्या दोन घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. एकेकीचे वजन ३४५ किलो, आणि पाणी मावते चार हजार लिटरच्या वर. आजीच्या तांब्याचाच तो राजेशाही अवतार. भीती तीच, भांडे तेवढे ऐपतीप्रमाणे मोठे.

सामान्यांची गोष्ट निराळी. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा फाटा भंडाऱ्याजवळून गेला. वैनगंगेकाठच्या माणसालाही मुंबईचा धक्का गाठता येऊ लागला. त्या धक्क्यावर कोकणच्या आगबोटीतून ये-जा करणाऱ्यांचे सामान ठरलेले असे : एक पत्र्याची ट्रंक, सुतळीने आवळलेली वळकटी, पाण्याचा तांब्या आणि भाकरीचे फडके. खालच्या वर्गाच्या उतारूला खोली कुठली? डेकवर पथारी पसरली, की तेवढी जागा आपली. हजला जाणारेही मुंबईलाच येत. त्यांच्या गाठोड्यात एहरामची पांढरी वस्त्रे असत, आणि पुष्कळांच्या पेटीच्या तळाशी कफनाचे कापडही असे. परतीची खात्री कोणी द्यावी? हजची ही बोटवाट १९९५ पर्यंत चालू होती. 'प्रवासात लागणारे' या शब्दांचा इतका खोल अर्थ बोटीच्या कंपनीला ठाऊक नसेल.

खात्री नव्हती हे खरेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत ते सुतकात उजाडले. समुद्रावर जाणाऱ्याने सर्वांत आधी चौकशी करायची ती जीवरक्षक जाकिटाची, हे त्या दिवसाने शिकविले. ती वस्तू पेटीत भरायची नसते. ती आपल्यासाठी बोटीवर आहे ना, आणि कुठे आहे, एवढे पाहायचे असते.

आता एका मराठी मुलीची पेटी पाहू. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा, सोबतीला मिशनरी बायका, नवरा मागे. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. म्हणून पेटीत लुगडी होती, आणि मनात शाकाहाराचा निश्चय होता. पण अमेरिकेच्या थंडीला नऊवारी लुगडे पुरेना. तेव्हा त्यांनी पेहराव टाकला नाही. नेसण्याची तऱ्हा बदलली आणि अंग नीट झाकले जावे म्हणून गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. काय सोडायचे आणि काय वळवून घ्यायचे, हे त्या मुलीला उमगले होते. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेल्या.

सोडण्याचा याहून कडक धडा गांधीजींनी दिला. १९३१ साली ते गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने निघाले. बरोबरच्या मंडळींनी हौसेने, भक्तांच्या आग्रहाने, पुष्कळ सामान घेतले होते. गांधीजींनी ते पाहिले मात्र, बोलणी सुरू झाली. आणि एडन बंदरातून सात पेट्या मुंबईला परत रवाना झाल्या. आपणही घरी एकदा असे एडन करून पाहावे. भरलेली पेटी उंबऱ्याशी आणून पुन्हा उघडावी. निम्मे सामान आपले आपणच परत जाते.

पण सामानाच्या या इतिहासात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या पोहोचल्याच नाहीत अशा पेट्या. १९१७ साली डॉ. आंबेडकर शिक्षण अर्धे टाकून लंडनहून परतले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली होती. ते स्वतः 'कैसर-ए-हिंद' बोटीने ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप उतरले. पुस्तकांच्या पेट्या मात्र दुसऱ्या बोटीने पाठविल्या होत्या. महायुद्धाचे दिवस, जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. टॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे सहाशे रुपये आले, आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्यांतून भागला. बडोद्यात या विद्वानाला राहायला जागा मिळेना, आणि कचेरीत प्यायला पाणी मिळेना.

इथे आपला तांब्या पुन्हा समोर येतो. हनुमंतरावाने साता समुद्रांपार जपलेले सोवळे आणि बडोद्याच्या कचेरीत नाकारलेले पाणी, ही एकाच भांड्याची दोन तोंडे. एकाने जे 'प्रवासात लागणारे' म्हणून उराशी धरले, त्यापायी दुसऱ्याचा घसा कोरडा राहिला. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या साऱ्या घागरी नि तांबे एका ओंजळीपुढे लहान झाले.

आणि भंडारा? १९५४ च्या मे महिन्यात याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. पितळी भांड्यांच्या आणि तळ्यांच्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. अडीच वर्षांनी ते गेले. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलांना बोटीच्या गोष्टी सांगताना तेही सांगावे.

असो. सणाच्या दिवसांत यादी अर्धी ठेवून चालणार नाही. बोटीवर जाताना ओळखपत्रे, औषधे आणि एक बदलायचा जोड हातातल्या लहान पिशवीत असावा. मोठी बॅग खोलीत पोहोचायला उशीर लागतो. बोट लागते त्यांनी वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे; सुंठ आणि आवळकाठी तोंडात ठेवावी, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. डेक ओला असतो, म्हणून रबरी तळव्याच्या चपला हव्यात. बाहेर ऊन आणि आत गारठा, म्हणून टोपीही घ्यावी आणि शालही. भंडाऱ्याच्या घरी शालीची वाण नाही. मोहाडी-आंधळगावच्या कोशाची आठवण या निमित्ताने होईल. फराळ किती नेऊ देतात ते आधी विचारावे. पणत्या, फुलबाजे, उदबत्त्या मात्र घरीच ठेवाव्यात. बोटीवर आगीसारखा वैरी नाही, आणि चूल तर दूरच, साधी इस्त्रीसुद्धा तिथे चालत नाही. हनुमंतराव आज आले असते तर त्यांची मोठीच पंचाईत झाली असती!

राहिला तांब्या. खरे पाहता आज तो अगदी अनावश्यक आहे. पाणी खोलीत येते, ते कोणी भरले हे कोणी विचारीत नाही. पंगतीला शेजारी कोण बसले, आचारी कोणत्या गावचा, याची चौकशी न करता माणसे जेवतात. हे आपोआप झालेले नाही. समुद्राने थोडे केले, आगगाडीने थोडे केले, आणि महाडच्या त्या ओंजळीने फार केले.

तरीही आजीचे मन मोडू नये. घासूनपुसून लखलखीत केलेला एक भंडाऱ्याचा तांब्या खुशाल न्यावा. फक्त झाकणाची फिरकी थोडी सैल ठेवावी, आणि डेकवर शेजारी बसलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाला तहान लागली तर आधी त्याच्यापुढे करावा. असा तांब्या असेल, तर त्यावर पहिली चिठ्ठी लावायला हरकत नाही.