मॅच सांगणारी पहिली बाई



घरोघरी टीव्ही येण्याआधी क्रिकेटची मॅच कानाने पाहिली जायची. पारावर किंवा संत्र्याच्या बगीच्यात एकच ट्रान्झिस्टर असायचा आणि भोवती दहा जण बसलेले. मॅच सांगणारा आवाज मात्र पुरुषाचाच. भारतात क्रिकेटची कॉमेंट्री करणारी पहिली बाई म्हणजे चंद्रा नायडू. आज त्यांची गोष्ट सांगते.

त्यांचे वडील कर्नल सी. के. नायडू आपल्या विदर्भातले. १८९५ साली नागपुरात जन्मले. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. त्या काळी खेळाडूच्या पोटापाण्याची सोय अशी राजेलोकच करत. १९३२ मध्ये भारत इंग्लंडला पहिली कसोटी खेळला, तेव्हा कप्तान नायडूच होते. होळकरांच्या संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला.

चंद्राताई १९३३ च्या. घरात उठता-बसता क्रिकेटच्या गोष्टी. पण त्यांच्या तरुणपणी देशाच्या पातळीवर बायांचा संघच नव्हता. त्या शिकल्या आणि इंदूरला मुलींच्या सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या.

मग हळूहळू दार उघडलं. १९७३ मध्ये पुण्यात बायांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, संघ होते तीनच. १९७६ मध्ये आपल्या मुली बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९७७ मध्ये, इंदूरला मुंबई आणि इंग्लंडहून आलेला एमसीसीचा संघ यांची मॅच झाली. त्या वेळी चंद्राताई माइकसमोर बसल्या. वय चाळिशीच्या पुढे होतं.

कॉमेंट्री म्हणजे नुसती बडबड नव्हे, मैत्रिणींनो. चेंडू कोणी टाकला, फटका कुठे गेला, धावा किती झाल्या, हे सगळं त्याच क्षणी सांगावं लागतं. बोलणारा अडखळला की ऐकणाऱ्याची मॅच थांबते. म्हणून खेळ आतून कळावा लागतो. चंद्राताईंना तो लहानपणापासून कळत होता. माइक मात्र उशिरा मिळाला.

१९९५ मध्ये त्यांनी वडिलांवर पुस्तकही लिहिलं. ४ एप्रिल २०२१ रोजी इंदूरला त्यांचं निधन झालं. आज अंजुम चोप्रांसारख्या माजी खेळाडू पुरुषांच्या मॅचचीही कॉमेंट्री करतात, तेव्हा कोणाला नवल वाटत नाही.

आता आपल्याकडे बघा. बचत गटाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. बगीच्यातल्या कोणत्या झाडावर किती फळ धरलं, तेही आपल्याला ठाऊक असतं. पण ग्रामसभेत बोलायची वेळ आली की पदर तोंडाशी जातो. कळतं आपल्याला, सांगतो दुसरा.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गटातून एकीने तरी उभं राहून बोलावं. पहिल्यांदा आवाज कापेल, कापू द्या. बोललात की काय झालं, ते रेडिओवर येऊन आम्हाला सांगा.