हुतात्मे, आद्य ख्रिस्ती

येशू ख्रिस्तानंतरच्या पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यात धर्मनिष्ठेपायी मृत्यू पत्करणाऱ्या ख्रिस्ती अनुयायांस ही संज्ञा लावतात. यासाठी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षीदार’ असा आहे. दुसऱ्या शतकात त्यास प्राण देऊन साक्ष देणारा, असा विशेष अर्थ प्राप्त झाला. जेरूसलेम येथे दगडांनी ठेचून मारलेला स्टीफन हा पहिला हुतात्मा मानला जातो. रोममध्ये इ. स. ६४ च्या भीषण आगीनंतर सम्राट नीरोने आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घेतला. कित्येकांना जनावरांची कातडी पांघरवून कुत्र्यांकडून फाडविण्यात आले, तर कित्येकांना रात्रीच्या उजेडासाठी जिवंत जाळण्यात आले, असे टॅसिटस हा इतिहासकार नमूद करतो. त्याला ख्रिस्ती पंथाबद्दल मुळीच आस्था नव्हती, म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते. पीटर व पॉल हेही नीरोच्याच कारकीर्दीत मारले गेले, अशी परंपरा आहे.

हा छळ तीन शतके अखंड चालू होता, ही समजूत मात्र बरोबर नाही. बिथिनियाचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनकडे यासंबंधी मार्गदर्शन मागितले. ख्रिस्ती लोकांचा मुद्दाम शोध घेऊ नये. निनावी तक्रारी स्वीकारू नयेत. आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा द्यावी, परंतु देवतांची पूजा करून जो धर्म नाकारील त्यास सोडावे, असे उत्तर आले. यात एक विलक्षण विसंगती आहे. इतर गुन्हेगारांस गुन्हा कबूल करावा म्हणून यातना देत. ख्रिस्ती आरोपीस मात्र त्याने नाकार द्यावा म्हणून गळ घालीत. चिमूटभर धूप अग्नीत टाकला की सुटका होई. म्हणजे मृत्यू बहुधा टाळता येण्याजोगा असे आणि तो न टाळणे हाच या हौतात्म्याचा गाभा होय.

याचे सर्वांत जिवंत चित्र कार्थेज येथील पर्पेट्युआच्या वृत्तांतात आढळते. ही सु. २२ वर्षांची, कुलीन घराण्यातील विवाहिता २०३ मध्ये पकडली गेली. तिचे मूल अंगावर पिणारे होते. तुरुंगातील दिवसांची हकीकत तिने स्वतः लिहिली असून प्राचीन काळातील स्त्रीलिखित गद्याचा तो एक दुर्मिळ नमुना आहे. अंधारकोठडीच्या भयापेक्षा बाळाची चिंता तीत अधिक जाणवते. तिचा वृद्ध पिता ख्रिस्ती नव्हता. त्याने तिची विनवणी केली, तिच्या पायांशी लोळण घेतली. अखेर न्यायासनासमोर तो बाळाला घेऊन उभा राहिला. अधिकाऱ्याने त्यालाच छडीने मारविले. त्या माराचे दुःख आपल्याला झाले, असे ती लिहिते. पण तिने पूजा केली नाही. तिच्याबरोबरची दासी फेलिसिटी गर्भवती होती. गर्भवतीस देहदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई असल्याने आपण सोबत्यांच्या मागे राहू, हीच तिला भीती होती. आठव्या महिन्यात ती तुरुंगातच प्रसूत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीने वाढविली. दोघीही आखाड्यात मारल्या गेल्या. कुलीन स्त्री व दासी यांची नावे तेव्हापासून एकत्रच घेतली जातात.

साम्राज्यव्यापी सक्ती प्रथम डीशसच्या आज्ञेने (२४९–५०) झाली. देवतांना बळी अर्पण करून अधिकाऱ्यांचा दाखला घेणे सर्वांस बंधनकारक झाले. ज्यू लोकांना तेवढी सूट असावी. ईजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर मिळाले असून त्यांपैकी एक तर मगरदेवतेच्या पुजारिणीचा आहे! रोमचा बिशप फेबियन मृत्यू पावला, तथापि असंख्य ख्रिस्ती लोकांनी बळी दिला किंवा लाच देऊन खोटा दाखला मिळविला. या ‘पतितां’ना परत घ्यावे काय, यावरून मोठा वाद माजला. कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात लपून राहिल्याने त्याच्यावर टीका झाली होती. प्रायश्चित्तानंतर त्यांना प्रवेश द्यावा, असे त्याचे मत होते. पुढे व्हॅलेरियनच्या काळात, १४ सप्टेंबर २५८ रोजी, त्याचाही शिरच्छेद झाला.

हुतात्म्यांची संख्या नंतरच्या चरित्रांत पुष्कळच फुगविलेली दिसते. डीशसच्या आज्ञेपूर्वी लिहिताना ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच ती सहज मोजण्याइतकी अल्प असल्याचे म्हटले आहे. शेवटचा व सर्वांत तीव्र छळ डायोक्लीशनने ३०३ मध्ये आरंभिला. त्यात प्रार्थनामंदिरे पाडण्यात आली व धर्मग्रंथ जाळण्यात आले. गलीरिअसच्या ३११ मधील आज्ञेने व ३१३ मधील मिलान येथील समझोत्याने त्याचा शेवट झाला. परंतु भीतीपोटी ज्यांनी ग्रंथ स्वाधीन केले, अशा धर्मगुरूंच्या हातचे संस्कार ग्राह्य मानण्यास उत्तर आफ्रिकेतील अनेकांनी नकार दिला. त्यातून उद्भवलेला डोनेटसपंथीय दुभंग शतकाहून अधिक काळ टिकला. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांचे शेकडो बिशप समोरासमोर आले, तेव्हाही वादाचा विषय हाच होता.